कळ येते ती कोणती कळ दाबल्यामुळे?

प्रश्न : मी बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. पहिल्या वर्षी शरीरक्रियाशास्त्राच्या परीक्षेत 'अपट्टकी (पट्टे नसलेल्या) स्नायूचे आकुंचन कसे सुरू होते' या प्रश्नाला मी 'कॅल्शियम ट्रोपोनिनला चिकटते' असे उत्तर लिहिले आणि सगळे गुण गेले. पुस्तकात पाहिले तर नावांची लांबच लांब साखळी. पाठ होते आणि चार दिवसांत विसरते. पास झाले म्हणून तो विषय तिथेच सोडला. दुसरी शंका अशी की ॲड्रेनलिनने रक्तवाहिनी आवळते आणि श्वासनलिका मात्र सैल होते. स्नायू एकाच प्रकारचा, रसायन एकच, मग परिणाम उलटे कसे? आता माझी नेमणूक प्रसूतिकक्षात आहे. परवा बाळ झाल्याबरोबर सिस्टरांनी ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन दिले, माझा हात बाळंतिणीच्या पोटावर ठेवला आणि 'कडक लागतंय का बघ' म्हणाल्या. लागले. पण ते कडक कशाने झाले, हे कोणी विचारले असते तर मला सांगता आले नसते. — एक विद्यार्थिनी, सातारा जिल्हा

उत्तर : तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य मला सर्वांत मोलाचे वाटले. हाताला जे जाणवले त्याचे कारण शोधावेसे वाटणे ही चांगल्या परिचारिकेची खूण आहे आणि पहिल्या वर्षी गेलेले गुण त्यापुढे अगदी किरकोळ आहेत. मी बरीच वर्षे शरीरक्रियाशास्त्र शिकवले. हा धडा विद्यार्थ्यांच्या हातून निसटतो, कारण तो त्यांच्यापुढे नावांची यादी म्हणून येतो, एकामागून एक घडणारी हकिगत म्हणून येत नाही, असे माझे ठाम मत आहे. म्हणून आज आपण ती हकिगतच पाहू, आणि शेवटी पुन्हा त्या बाळंतिणीच्या खाटेपाशी येऊ.

मराठीत पोटात कळ येते, मूतखडा नळीत अडकला की कमरेतून कळ निघते आणि बाळंतपणाच्याही कळाच येतात. या तिन्ही ठिकाणी आवळला जाणारा स्नायू एकाच जातीचा, म्हणजे अपट्टकी आहे. तोच रक्तवाहिन्यांच्या भिंतीत, श्वासनलिकांत, मूत्राशयात, डोळ्याच्या बाहुलीभोवती आणि अंगावर काटा उभा करणाऱ्या केसांच्या मुळाशीही असतो. यंत्र सुरू करण्यासाठी जी दाबतात तिलाही आपण कळच म्हणतो. तुमचा प्रश्न नेमका या दोन शब्दार्थांच्या मधला आहे : कळ येते ती कोणती कळ दाबली गेल्यामुळे?

आधी तुमचे उत्तर का चुकले ते पाहू, कारण चूक अर्धीच होती. कॅल्शियम हा निरोप्या आहे हे तुम्ही बरोबर लिहिले. तो कोणाच्या दाराशी जातो, ते चुकले. स्नायूत मायोसिन आणि ॲक्टिन ही दोन प्रथिने एकमेकांना धरून ओढतात. हातापायांच्या पट्टकी स्नायूत मायोसिनचे डोके ॲक्टिनला पकडायला सदैव तयार असते, पण ॲक्टिनवरच्या पकडण्याच्या जागा ट्रोपोमायोसिन या प्रथिनाने झाकलेल्या असतात. कॅल्शियम ट्रोपोनिन या त्याच्या जोडीच्या प्रथिनाला चिकटले की ते आवरण बाजूला सरकते आणि ओढाताण सुरू होते. म्हणजे तेथे कुलूप ॲक्टिनवर लावलेले आहे. अपट्टकी स्नायूत ट्रोपोनिन मुळी नसतेच. तेथे निष्क्रिय असते ते मायोसिन, आणि त्यामुळे कुलूपही मायोसिनवरच असते. ही एवढी गोष्ट मनात पक्की झाली, की साखळीतले पुढचे प्रत्येक नाव कशासाठी आहे ते आपोआप कळू लागते.

कॅल्शियम पेशीच्या आतल्या द्रवात वाढले, की ते कॅल्मोड्युलिन नावाच्या लहान प्रथिनाला जाऊन मिळते. कॅल्मोड्युलिनच्या चार जागा आहेत आणि त्या भरल्या की त्याचा आकार बदलतो. आकार बदललेले कॅल्मोड्युलिन 'मायोसिन लाइट चेन कायनेज' या विकराला, म्हणजे एन्झाइमला, जागे करते. नाव लांबलचक असले तरी त्यात त्याचे कामच सांगितलेले आहे : मायोसिनच्या मानेपाशी एक लहान, हलकी साखळी असते आणि तिच्यावर एटीपी या पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रसायनातला एक फॉस्फेट बसवणे, एवढेच हा विकर करतो. फॉस्फेट बसला की मायोसिनचे डोके ॲक्टिनला धरते, ओढते, सोडते आणि पुन्हा धरते. या स्नायूत पट्टे का दिसत नाहीत, असे तुम्ही वर्गात नक्कीच विचारले असेल. येथे तंतू रांगेत रचलेले नसून पेशीत तिरके पसरलेले असतात आणि पेशीच्या आवरणावरील व आतील घट्ट ठिपक्यांना बांधलेले असतात. त्यामुळे चातीच्या आकाराची ती पेशी आकुंचन पावताना सर्व बाजूंनी आवळली जाते.

एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला सांगावे अशा या रीतीला वेळ लागतो. पट्टकी स्नायूचा एक झटका काही शतांश सेकंदांत आटोपतो, तर अपट्टकी स्नायूला पूर्ण जोर धरायलाच साधारण अर्धा सेकंद लागतो आणि एक आकुंचन एक ते तीन सेकंद टिकते. काही ठिकाणी त्याहूनही पुष्कळ जास्त. वाटेत इतके टप्पे असण्याचा लाभ असा, की प्रत्येक टप्प्यावर शरीराला जोर कमीजास्त करता येतो आणि आपल्याला औषध देता येते.

आता पुस्तके बहुधा घाईने उरकतात असा भाग येतो, पण माझ्या मते सगळ्या धड्याची किल्ली त्यातच आहे. बसवलेला फॉस्फेट काढणारा दुसरा विकर पेशीत असतो. त्याला मायोसिन फॉस्फेटेज म्हणतात. एकजण बसवतो आहे, दुसरा काढतो आहे, आणि कोणत्याही क्षणी किती मायोसिन कामावर आहे हे या दोघांच्या तोलावर ठरते. म्हणून स्नायू आवळण्याचे दोन मार्ग निघतात : कॅल्शियम वाढवून बसवणाऱ्याला जोर द्यावा, किंवा कॅल्शियम तेवढेच ठेवून काढणाऱ्याला रोखावे. दुसरे काम रो-कायनेज नावाचा विकर करतो, आणि अनेक संप्रेरके एकाच वेळी दोन्ही मार्ग वापरतात. स्नायू सैल करायचा तर हाच तोल उलट दिशेने फिरवावा लागतो. नुसते कॅल्शियम ओसरले की काम झाले असे नाही; आधी बसलेले फॉस्फेट कोणीतरी काढावे लागतात.

शिवाय या स्नायूची आणखी एक करामत आहे. ॲक्टिनला धरलेल्या डोक्यावरचा फॉस्फेट निघून गेला, तरी ते डोके पकड लगेच सोडत नाही. फार सावकाश सोडते. अशा वेळी जोर टिकून राहतो आणि खर्च मात्र अगदी थोडा होतो. रक्तवाहिनीची भिंत आयुष्यभर ताठ राहूनही थकत नाही ती याच सोयीमुळे. हातात पाण्याची बादली पाच मिनिटे धरून पाहा, म्हणजे पट्टकी स्नायूला हे जमत नाही याची खात्री पटेल.

कॅल्शियम येते कोठून, तेही पाहू. शांत असलेल्या पेशीत मोकळे कॅल्शियम बाहेरच्या द्रवाच्या मानाने दहा हजारांश किंवा त्याहूनही कमी असते. पेशी ते सतत बाहेर आणि आतल्या कोठारात उपसत असते. त्यामुळे एखादी वाट नुसती उघडली, तरी ते धरणाच्या दारातून यावे तसे आत येते. वाटा मुख्यतः दोन. पेशीच्या आवरणावरचा विद्युतभार बदलला की उघडणारी दारे ही पहिली. आणि आवरणावरच्या ग्राहीला, म्हणजे ठरावीक रसायन ओळखणाऱ्या प्रथिनाला, ते रसायन चिकटल्यावर आत आयपी-थ्री नावाचा निरोप तयार होऊन त्याने कोठाराचे तोंड उघडणे ही दुसरी. तुमच्या वॉर्डात रोज दिली जाणारी ॲम्लोडिपिनची गोळी पहिल्या वाटेवरचे दार अडवते. निफेडिपिनही तेच करते, आणि म्हणूनच रक्तदाबाचे हे औषध अकाली सुरू झालेल्या कळा थांबवण्यासाठीही वापरले जाते. आरंभी हे मला फार नवलाचे वाटले होते. स्नायू एक आहे हे ध्यानात आल्यावर नवल उरले नाही.

या वाटा उघडण्याचा आदेश मज्जातंतूंकडूनच यावा असे बंधन नाही, आणि येथेच हा स्नायू हातापायांच्या स्नायूंहून पुरता वेगळा पडतो. आदेश स्वायत्त मज्जातंतूंकडून येतो, रक्तातून संप्रेरकाच्या रूपाने येतो, शेजारच्या पेशींनी सोडलेल्या प्रोस्टाग्लँडिन किंवा हिस्टामिनसारख्या रसायनातून येतो. नुसत्या ताणानेही येतो : रक्तवाहिनी आतून फुगवली की ती उलट आवळते, हे बेलिस या इंग्रज शास्त्रज्ञाने 1902 साली दाखवले. आतड्यात तर काही विशेष पेशी स्वतःच ताल धरतात. त्यांच्या विद्युत लहरी जठरात मिनिटाला सुमारे तीन, तर लहान आतड्याच्या सुरुवातीला सुमारे बारा असतात. मज्जातंतू हा ताल कमीजास्त परिणामकारक करतात, पण तो निर्माण करत नाहीत.

आता ॲड्रेनलिन. तुमची अडचण अशी झाली आहे, की तुम्ही रसायनाला आदेश समजलात. ॲड्रेनलिन हा आदेश नाही. ते दारावरची थाप आहे. थापेचा अर्थ काय घ्यायचा, हे दारावर कोण बसले आहे यावर ठरते. त्वचेतल्या आणि आतड्यांतल्या रक्तवाहिन्यांवर मुख्यतः अल्फा-वन ग्राही असतात. त्यांना थाप ऐकू आली की आत आयपी-थ्री तयार होते, कोठार उघडते, कॅल्शियम वाढते आणि वाहिनी आवळते. श्वासनलिकांवर बीटा-टू ग्राही असतात. तीच थाप ऐकून ते सायक्लिक एएमपी नावाचा वेगळा निरोप तयार करतात. त्यामुळे कॅल्शियम उतरते, फॉस्फेट बसवणाऱ्या कायनेजची ताकद घटते आणि नलिका सैल होते. दम्याच्या पंपातले साल्ब्युटामॉल याच बीटा-टू ग्राहींवर काम करते. इंजेक्शनची तीव्र ॲलर्जी येऊन रुग्ण कोसळतो तेव्हा मांडीत ॲड्रेनलिन देतात ते याच दुटप्पी गुणासाठी : सैलावलेल्या रक्तवाहिन्या आवळल्या गेल्या पाहिजेत आणि आवळलेल्या श्वासनलिका सैल झाल्या पाहिजेत, आणि एकच औषध दोन्ही करते. तुम्हाला जे न पटणारे वाटले, त्यावरच त्या घटकेला रुग्णाचे प्राण अवलंबून असतात.

येथे एक सावधगिरी सांगते, कारण हुशार विद्यार्थीही येथे फसतात. सायक्लिक एएमपीने अपट्टकी स्नायू सैल होतो, पण हृदयाच्या स्नायूचा जोर त्यानेच वाढतो. तेथे कुलूप निराळे आहे, ट्रोपोनिनचे आहे. साल्ब्युटामॉल घेतल्यावर छातीत धडधडते अशी तक्रार रुग्ण करतो, त्यामागे हेही एक कारण असते.

थापेचा अर्थ जागेवर ठरतो, याचे आणखी सुंदर उदाहरण ॲसिटिलकोलिन या मज्जातंतूंनी सोडलेल्या रसायनाचे आहे. ते आतडे, मूत्राशय आणि श्वासनलिका यांना आवळते. रक्तवाहिनीला मात्र शरीरात सैल करते, आणि प्रयोगशाळेत वाहिनीच्या पट्ट्या कापून ताणून पाहिल्या तर कधी आवळतानाही दिसते. अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट यांनी 1980 साली ही गाठ सोडवली. पट्टी तयार करताना वाहिनीचे आतले नाजूक अस्तर घासले गेले, तर ती सैल होत नसे. अस्तर जपले तर होत असे. म्हणजे सैल होण्याचा निरोप स्नायूला अस्तराकडून मिळत होता. तो निरोप नायट्रिक ऑक्साइड हा वायू आहे, असे पुढे सिद्ध झाले आणि 1998 साली फर्चगॉट, इग्नारो व मुराद या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. छातीत दुखू लागले की जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी हाच वायू पुरवते. स्नायूत त्याने सायक्लिक जीएमपी वाढते, आणि त्याचा मोठा परिणाम म्हणजे फॉस्फेट काढणारा विकर जोरात कामाला लागतो. मघाशी सांगितलेला तोल येथे पुन्हा दिसतो.

आता त्या बाळंतिणीकडे येऊ. दिवस भरलेल्या गर्भाशयाला मिनिटाला सुमारे अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त जात असते. वार सुटली की तिच्या जागी उघड्या वाहिन्यांची तोंडे राहतात. इतके रक्त वाहत असताना केवळ गोठण्यावर विसंबून भागत नाही. गर्भाशयाच्या स्नायूचे धागे एकमेकांत जाळीसारखे विणलेले असतात आणि वाहिन्या त्या जाळीतून गेलेल्या असतात. जाळी आवळली की प्रत्येक वाहिनीभोवती फास बसतो. तुमच्या हाताला लागलेला कडकपणा हा तो फास होता. गर्भाशय मऊ लागले, तर फास बसलेला नाही असे समजावे आणि क्षणभरही न थांबता सांगावे.

सिस्टरांनी दिलेले ऑक्सिटोसिन, बहुधा दहा युनिट, स्नायूपेशीच्या आवरणावरच्या आपल्या ग्राहीला चिकटले. तेथून पुढे रस्ता तुमच्या ओळखीचा आहे : आयपी-थ्री, कोठारातले कॅल्शियम, बाहेरून आत आलेले कॅल्शियम, कॅल्मोड्युलिन, कायनेज, मायोसिनवरचा फॉस्फेट. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आवळते, हे इंग्रज शास्त्रज्ञ हेन्री डेल यांनी 1906 साली मांजरीवर पाहिले होते. ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत बनले ते 1953 साली. गरोदरपणाच्या शेवटी शेवटी गर्भाशयावर त्याच्या ग्राहींची संख्या पुष्कळ वाढते आणि पेशीपेशींमध्ये विद्युत संदेश जाण्याच्या खिडक्याही वाढतात. म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत जे औषध जेमतेम परिणाम करते, तेच दिवस भरल्यावर सबंध गर्भाशयाला एका वेळी आवळायला लावते. याची दुसरी बाजूही लक्षात असू द्या. ऑक्सिटोसिनचे सलाईन तासन्‌तास चालले असेल, तर ग्राही थकल्यासारखे होतात आणि प्रसूतीनंतर तेच औषध अपेक्षेइतके काम देत नाही. अशा बाळंतिणीच्या पोटावरचा हात अधिक जागरूक ठेवावा.

ऑक्सिटोसिनने भागले नाही तर डॉक्टर दुसरी औषधे सांगतात, आणि त्या वेळी ही हकिगत तुमच्या प्रत्यक्ष उपयोगाला येते. मेथिलएर्गोमेट्रिन गर्भाशय घट्ट आवळते, पण ते रक्तवाहिन्यांनाही आवळते. म्हणून रक्तदाब वाढलेल्या बाईला ते देत नाहीत. कार्बोप्रोस्ट हे प्रोस्टाग्लँडिनच्या जातीचे औषध श्वासनलिकाही आवळते. म्हणून दमा असलेल्या बाईला ते टाळतात. ऑक्सिटोसिन शिरेतून एकदम ढकलले, तर गर्भाशय आवळत असतानाच इतरत्र रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्तदाब घसरतो. आदेश डॉक्टरांचा असला, तरी धावपळीत सिरिंज हातात घेणारी व्यक्ती तुम्ही असता. 'हिला दमा आहे का' आणि 'हिचा रक्तदाब किती' हे दोन प्रश्न त्या वेळी ओठांवर असावेत, आणि ते का विचारायचे ते तुम्हाला ठाऊक असेल तर गडबडीतही आठवतील. मूत्राशय भरलेले असले तर गर्भाशय नीट आवळत नाही, हेही पाहायचे असते. ते रिकामे करायला सिस्टर सांगतात त्याचे कारण हेच.

पाठ केलेले चार दिवसांत विसरते असे लिहिलेत म्हणून सांगते. नावे पाठ करू नका. कोणतेही आकुंचन किंवा औषध समोर आले, की मराठीत तीन प्रश्न विचारा : थाप कोणी मारली आणि दारावर कोण होते, कॅल्शियम कोणत्या वाटेने आले किंवा का अडले, आणि फॉस्फेट बसवणाऱ्या व काढणाऱ्यात सरशी कोणाची झाली. मासिक पाळीत दुखते म्हणून मैत्रिणीने मेफेनॅमिक ॲसिड घेतले, तर पहिल्याच प्रश्नाला उत्तर मिळेल : थाप मारणारे प्रोस्टाग्लँडिनच कमी झाले. मूतखड्याच्या कळेवर दिलेल्या डायक्लोफिनॅकचेही मुख्यतः तेच. पोट आवळून आल्यावर दिलेले डायसायक्लोमिन मात्र थाप थांबवत नाही. ते मुख्यतः ॲसिटिलकोलिनच्या दाराशी जाऊन बसते. आठवडाभर वॉर्डातल्या औषधांच्या चिठ्ठ्यांवर असे करून पाहा.

आणि एक गोष्ट याच आठवड्यात तुमच्यासमोर घडेल. बाळाला पहिल्यांदा छातीशी लावले की एखादी बाळंतीण, विशेषतः दुसऱ्या-तिसऱ्या खेपेची, पोटात कळ आली म्हणून घाबरेल आणि बाळाला बाजूला करू पाहील. तिच्याजवळ बसा. बाळ चोखू लागले की तिच्याच मेंदूकडून ऑक्सिटोसिन सुटते, त्याने दुधाच्या ग्रंथींभोवतीच्या पेशी आवळून दूध उतरते, आणि तेच रक्तातून गर्भाशयाला पोचून त्यालाही आवळते. म्हणून ही कळ रक्तस्राव रोखणारी आहे, असे तिला तिच्या भाषेत समजावून सांगा. मग एक हात पोटावर ठेवून गर्भाशय कडक लागते आहे ना, हे पाहा, पॅडवरचा स्राव तपासा आणि दोन्हींची नोंद करा.